नऊ हातांचा एक रनर: टॅटिंग प्रकल्पाच्या नोंदी

७ जानेवारी

काम ठरलं: टॅटिंगच्या, म्हणजे शटलने किंवा सुईने दोऱ्याच्या गाठी घालून करायच्या लेसच्या, षटकोनी फुलांचा टेबल रनर. सात ओळी, आलटून पालटून १८ आणि १७ फुलांच्या. १८ च्या चार, १७ च्या तीन, एकूण १२३ फुलं. करणारे हात नऊ. सात शटलवाले (शटल म्हणजे दोरा गुंडाळायची छोटी नाव), दोन सुईवाले. दोरा सगळ्यांना एकच, २० नंबरचा सहापदरी सुती, कोऱ्या पांढऱ्या रंगाचा आणि एकाच लॉटचा. पांढऱ्यातही लॉट बदलला की धुतल्यावर छटा वेगळी दिसते, म्हणून सगळा दोरा एकदम घेऊन वाटून टाकला.

दोऱ्याचा हिशेब: २० टाक्यांच्या एका रिंगला (आवळून बंद केलेल्या फेऱ्याला) शटलचा साधारण १६ ते १७ सेंमी दोरा जातो. सहा रिंगांचा एक मीटर, चेनच्या (दोन रिंगांमधल्या कमानीच्या) आतून जाणारा ७–८ सेंमी, शेवटाला धरायला २० सेंमी. म्हणजे एका फुलाला शटलवर १.३ मीटर. चेनला गुंडीचा (दोऱ्याच्या गोळ्यावरचा) दोरा ५० सेंमी, शेपटीसकट ७० म्हणू. एक फूल म्हणजे दोन मीटर. १२३ फुलांना २४६ मीटर. कापून टाकावं लागणारं धरून ३२० मीटर वाटला.

१० जानेवारी

नमुना असा लिहिला. आकडा म्हणजे दुहेरी टाके (दोन अर्धे मिळून एक), – म्हणजे पिको (दोन टाक्यांमधला छोटा फासा), + म्हणजे जोड (आधीच्या पिकोतून दोरा ओढून).

पहिली रिंग: ५ – १० – ५. बंद करा, काम उलटवा.
चेन: ६ – ६. काम उलटवा.
दुसरी ते पाचवी रिंग: ५ + १० – ५, प्रत्येकीनंतर तीच चेन.
सहावी रिंग: ५ + १० + ५, शेवटचा जोड पहिल्या रिंगेच्या पहिल्या पिकोत.
शेवटची चेन पहिल्या रिंगेच्या बुडाशी जोडून संपवा.

पहिल्या आराखड्यात रिंग ५ – ५ – ५ – ५ होती, डोक्यावरही एक पिको. रिंगांची डोकी मध्याकडे वळलेली असतात आणि मधलं भोक जेमतेम ४ मिमीचं राहतं. तिथे सहा पिको आले की एकमेकांत अडकतात आणि धुतल्यावर मध्ये गोळा होतो. डोक्यावरचा पिको काढून टाकला.

दोन गोष्टी मुद्दाम लिहून ठेवाव्या लागल्या, कारण त्या प्रत्येकाने वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या शिकलेल्या असतात. जोड हा टाका म्हणून मोजायचा नाही. ५ + १० म्हणजे जोडानंतर पूर्ण दहा. काही जण जोडालाच पुढच्या टाक्याचा पहिला अर्धा मानतात, त्यांची रिंग अर्ध्या टाक्याने लहान येते. दुसरं, उलट्या बाजूने करायच्या भागात टाक्याचे दोन अर्धे अदलाबदल करून सगळ्या टाक्यांचं तोंड एकाच बाजूला आणायची पद्धत इथे वापरायची नाही. ती पद्धत सुरेख आहे, पण सगळ्यांनी केली तरच. निम्मी फुलं तशी आणि निम्मी साधी असली तर तिरप्या उजेडात लगेच कळतं.

एकोणिसाव्या शतकातल्या टॅटिंगच्या पुस्तकांत असा नमुना सलग वाक्यांत सांगितलेला असतो. एका फुलाला अर्धं पान लागतं. नऊ जणांनी एकच गोष्ट करायची तर आकडे आणि खुणा जास्त भरवशाच्या.

२१ जानेवारी

प्रत्येकाकडून तीन फुलं मागवली. धुवून, पिन न लावता सपाट वाळवून मोजली. माप एका चेनच्या कडेपासून समोरच्या चेनच्या कडेपर्यंत, पिको सोडून, तिन्ही दिशांनी, आणि तीन फुलांची सरासरी. नावांऐवजी क्रमांक लिहिले आहेत.

शटल: क्र. १ – २०.८ मिमी, क्र. २ – २१.४, क्र. ३ – २१.९, क्र. ४ – २२.०, क्र. ५ – २२.२, क्र. ६ – २२.८, क्र. ७ – २३.१.
सुई: क्र. ८ – २४.३, क्र. ९ – २४.६.

सुईची फुलं मोठी येणं अटळ आहे. टाके आधी सुईवर बसतात, नंतर दोऱ्यावर सरकतात. सुईची जाडी टाक्याच्या पोटात राहते. घट्ट ओढून ती जात नाही, उलट नेढं टाक्यांतून निघत नाही. सुईवाल्यांना ३० नंबरचा, म्हणजे २० पेक्षा बारीक, दोरा देऊन पाहिला. माप २२.३ मिमीवर आलं, पण फूल विरळ दिसतं. शेजारी ठेवलं की वेगळं कापड वाटतं. क्र. ८ आणि ९ कडे बाहेरची किनार द्यायची, तिथे त्यांचा हात सलग चालेल.

क्र. ६ चे पिको सगळ्यांपेक्षा दुप्पट उंच. पिको मोजायची पट्टी मात्र तीच, ४ मिमी रुंद. घोळ धरण्यात होता. पट्टी दोन टाक्यांच्या मध्ये अंतरासारखी ठेवली तर टाके सरकवल्यावर ४ मिमी दोऱ्याचा २ मिमी उंच फासा होतो. तीच पट्टी उभी धरून दोरा तिच्यावरून घेतला तर फासा ४ मिमी उंच. इथे पहिलीच पद्धत. रिंगांच्या बाजूच्या पिकोला २ मिमीची पट्टी, चेनच्या पिकोला ४ मिमीची. पट्टी जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कापा. पुठ्ठ्याच्या कडा पन्नासेक पिकोंत झिजतात आणि पिको हळूहळू लहान होत जातात.

४ फेब्रुवारी

आता खरा प्रश्न. फुलांत २.३ मिमीचा फरक आहे. क्र. १ ने एक पूर्ण ओळ केली आणि क्र. ७ ने शेजारची, तर १८ फुलांत चार सेंमीपेक्षा जास्त फरक पडतो. लांब ओळीला झालर पडणार, आखूड ओळ ताणली जाणार. पाणी मारून पिन लावली तरी पुढच्या धुण्यात परत तेच.

“ताण बदला” असं सांगून उपयोग नसतो. अनेक वर्षांच्या हाताला मुद्दाम सैल करायला लावलं की एकाच फुलात दोन रिंगा सैल, चार घट्ट अशी गत होते. घट्ट फूल चालतं, सैल फूल चालतं, मिश्र फूल चालत नाही.

पहिला उपाय: फरक पिकोने भरून काढायचा. दोन फुलांच्या मध्यांतलं अंतर = अर्धं फूल + पिको + अर्धं फूल. लक्ष्य २४ मिमी. क्र. १ ने ३.२ मिमी उंच पिको घ्यायचे, क्र. ४ ने २ मिमी, क्र. ७ ने ०.९. प्रत्येकाला त्याच्या मापाची वेगळी पट्टी कापून दिली. प्रत्येक हाताची पाच-पाच फुलांची पट्टी मागवली आहे.

१८ फेब्रुवारी

पट्ट्या आल्या. लांबी अचूक जमली, दिसायला मात्र वाईट. क्र. १ च्या पट्टीत फुलांमधली मोकळी जागा मोठी, क्र. ७ च्या पट्टीत जवळजवळ नाहीच. लेस बघताना डोळा दोऱ्याआधी भोकं बघतो. फुलात एक-दोन मिमीचा फरक कुणाला दिसत नाही, फुलांमधल्या जागेत एका मिमीचा दिसतो. शिवाय ०.९ मिमीच्या पिकोत ०.६ चा हूकसुद्धा धड शिरत नाही. दोऱ्याचे पदर फाटून हूक मधूनच बाहेर येतो आणि जोड अर्ध्याच दोऱ्याला लागतो.

उपाय सोडून दिला. पिको सगळ्यांचा २ मिमी, एकच. फरक दुसरीकडे मुरवायचा.

२५ फेब्रुवारी

दुसरा उपाय: हात ओळींनुसार वाटायचे नाहीत, ओळींत मिसळायचे.

अडचण अशी की टॅटिंगमध्ये दोन पूर्ण फुलं नंतर जोडता येत नाहीत. जोड लागतो तो एक फूल शटलवर चालू असतानाच. सुरुवातीच्या टॅटिंगमध्ये तुकडे वेगळे करून सुईदोऱ्याने शिवत किंवा बांधत. पण इथे फुलाफुलांमधले जोड ३२० आहेत आणि प्रत्येक ठिकाणी शिवणीची गाठ आली तर मागची बाजू पाहवणार नाही.

षटकोनी मांडणीची रचना इथे कामाला आली. फुलांना अ, ब, क अशी तीन अक्षरं दिली: ओळीत अ ब क, अ ब क, १८ ची प्रत्येक ओळ अ ने सुरू, १७ ची प्रत्येक ओळ क ने सुरू होऊन पुढे अ ब क. असं केलं की एका अक्षराची दोन फुलं कधीच शेजारी येत नाहीत. मधल्या प्रत्येक फुलाला सहा शेजारी, त्यांतले तीन एका अक्षराचे, तीन दुसऱ्या.

मग काम टप्प्यांत जातं.
अ फुलं: सुटी. सहाही चेनवर पिको, जोड नाही.
ब फुलं: एक सोडून एक. चेन १, ३, ५ शेजारच्या अ फुलांच्या पिकोत जोडायच्या, २, ४, ६ वर पिको ठेवायचे.
क फुलं: सहाही चेन जोडायच्या.
जिथे शेजारी नाही, म्हणजे रनरच्या कडेला, तिथे जोडाऐवजी पिको. असे मोकळे पिको एकूण ९८ राहतात, किनारीसाठी.

मोजदाद: अ ४२, ब ३९, क ४२. घट्ट हात (क्र. १, २) अ ला, मधले (३, ४, ५) ब ला, सैल (६, ७) क ला. वाटणी २१–२१, १३–१३–१३, २१–२१.

आता अंतरं: अ–ब सरासरी २३.५ मिमी, अ–क २४, ब–क २४.५. १८ च्या ओळीत अ–ब आणि ब–क सहा-सहा वेळा, अ–क पाच वेळा येतात, त्यामुळे अशा प्रत्येक ओळीची लांबी आपोआप सारखी, टोकांची अर्धी फुलं धरून ४३० मिमीच्या आसपास. घट्टपणा आणि सैलपणा एकमेकांच्या शेजारी बसून जिरतो. कुणाला हात बदलायला सांगावं लागत नाही, आणि हेच या मांडणीतलं सर्वांत मोलाचं आहे.

१७ मार्च

४२ अ फुलं आली. तपासणीत सहा परत पाठवली. तीन फुलांत सहाव्या रिंगेचा जोड पिळलेला होता. ही चूक इतकी नेहमीची आहे की सविस्तर लिहितो.

सहावी रिंग करताना पहिली रिंग हाताच्या उजव्या बाजूला येते आणि तिचा पिको चुकीच्या दिशेला असतो. सरळ हूक घालून ओढलं की पिकोला पीळ बसतो आणि तो जोड बाकीच्या पाचांपेक्षा बारीक, उंचावलेला दिसतो. करायचं असं: शेवटच्या पाच टाक्यांआधी थांबा. फूल मध्यावर घडी घालून पहिली रिंग चालू रिंगेवर आणा, तिची मागची बाजू वर दिसेल. पिको हुकाने धरून अर्धा पीळ द्या, त्यातून हातावरचा दोरा ओढा, शटल पार करा, उरलेले पाच टाके घाला, रिंग बंद करा आणि मगच घडी उघडा. घडी उघडताना दिलेला पीळ सुटतो. पीळ सुटण्याऐवजी दुप्पट झाला असेल तर तो उलट दिशेने दिला गेला. रिंग बंद करण्याआधी घडी हलकेच उघडून पाहिली तर चूक तिथेच सापडते.

बंद झालेली रिंग उघडायची असेल तर सर्वांत शेवटच्या पिकोपाशी जा. पिकोच्या दोन्ही बाजूंचे टाके नखांत धरून एकमेकांपासून दूर ओढा. आतला दोरा थोडा उघडा पडतो, तो सुईने उचलून मागे खेचला की रिंग सैल होते. दोनदा उघडलेला दोरा तिसऱ्यांदा ओढू नये, पदर सुटलेले असतात आणि रिंग आवळताना तुटतो. सहाव्या रिंगेत मात्र पिकोच नाही, दोन्हीकडे जोड आहेत. तिथे कात्रीच बरी.

बाकीच्या तीन फुलांत एकेका रिंगेच्या दहाच्या भागात ११ टाके. इटालियन भाषेत टॅटिंगचं नाव गप्पा मारण्याच्या शब्दावरून पडलं आहे, पण दहाच्या भागात बोलणं थांबवा. पाचाच्या भागात चूक झाली तर हाताला कळते, दहाच्यात कळत नाही.

२४ मार्च

दोरा संपवण्याची पद्धत सगळ्यांसाठी एक. सुरुवात शटल आणि गुंडी न तोडता, त्यामुळे तिथे शेपूट नाही. पहिली रिंग बंद करून चेन सुरू करताना बुडाशी कागदाची बारीक क्लिप अडकवा; शेवटच्या चेनच्या जोडासाठी तेवढंच भोक राहतं. शेवटच्या चेनच्या अखेरच्या सहा टाक्यांत बारीक शिवणदोऱ्याचा दुमडलेला फासा आतल्या दोऱ्यासोबत ठेवून टाके घाला. जोड झाला, गाठ मारली की एक शेपूट फाशात घालून ओढून घ्या. दुसरं शेपूट बारीक सुईने शेजारच्या रिंगेच्या टाक्यांखालून, किमान आठ टाके. धुण्याआधी कापू नका. सुती दोरा पहिल्या धुण्यात आवळतो आणि आधीच कापलेलं टोक बाहेर डोकावतं.

२१ एप्रिल

ब चा टप्पा पूर्ण. तुकडा क्र. ३ कडून ४ कडे, तिथून ५ कडे, एकामागून एक गेला. वेगळे तुकडे करून नंतर सांधणं टाळलं. अ आणि ब मिळून मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते आणि क च्या जागी भोकं राहतात. जाळी पसरून प्रत्येक भोकाच्या कडेला आतले सहा पिको मोजले.

दोन भोकांत पाचच पिको निघाले. एका ब फुलाने १, ३, ५ ऐवजी १, २, ५ जोडल्या होत्या. त्यामुळे एक अ फूल चुकीच्या कोनात ओढलं गेलं होतं. असं झालं तर कापायचं ते ब फूल. त्याच्या रिंगा आणि चेन बारीक कात्रीने कापून तुकडे जोडांतून अलगद काढून घ्यायचे, म्हणजे अ चे पिको शाबूत राहतात. अ च्या पिकोला कात्री लागली तर ते फूल आणि त्याचे सगळे शेजारी जातात. फूल पुन्हा केलं.

पाठवताना जाळी पातळ सुती कापडावर पसरून कापडासकट नळीवर गुंडाळली. घडी घातली की पिको दुमडतात आणि पुढच्या हाताला हूक घालताना कोणता पिको आणि कोणता चेनचा फासा हेच कळत नाही.

२६ मे

क चा टप्पा पूर्ण, सगळे ३२० जोड लागले. या टप्प्याला वेळ जास्त लागतो, कारण प्रत्येक चेनला जाळी फिरवावी लागते आणि शटल भोकांत अडकतं. चोच असलेलं शटल इथे त्रास देतं. बोथट टोकाचं घ्या, हूक वेगळा ठेवा. दोन जोडांनंतर शटल मोकळं लटकू द्या, पीळ उतरतो. पीळ साठलेल्या दोऱ्याची चेन कमानीऐवजी मळसूत्रासारखी वळते.

१६ जून

किनार. क्र. ८ आणि ९ समोरासमोरच्या कोपऱ्यांतून निघाले, प्रत्येकी ४९ चेन. एकाच फुलाच्या दोन मोकळ्या पिकोंमध्ये १३ मिमी अंतर, तिथे ७ – ७. शेजारच्या दोन फुलांच्या पिकोंमध्ये ११ मिमी, तिथे १० टाके, पिको नाही. पिकोपाशी प्रत्येक वेळी आतला दोरा अडकवणारा जोड घ्यायचा. साधा जोड घेतला तर आतला दोरा पुढे सरकत राहतो आणि आधीच्या चेन आवळल्या जातात. पहिल्या सहा चेनमध्ये खाचेत १२ टाके घालून पाहिले होते, कड लाटेसारखी उठली. उसवून १० केले.

२३ जून

कोमट पाणी, सौम्य साबण, अर्धा तास भिजवून न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं. फोमवर चौकटीचा कागद, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक. ओळींमध्ये २०.८ मिमी, ओळीत २४ मिमी अंतराने खुणा. प्रत्येक फुलाच्या मधल्या भोकात एक पिन, बरोबर खुणेवर. पिना स्टेनलेसच्याच, साध्या पिनेचा गंज एका रात्रीत उतरतो. मध्य पक्के झाल्यावर किनारीचे पिको ओढून पिना लावल्या, मध्यातून बाहेर. इस्त्री नाही; इस्त्रीखाली पिको चपटे होतात आणि टाक्यांचा उठाव जातो.

पिना काढल्यावर माप ४३.५ गुणिले १५.५ सेंमी. एक दिवस मोकळा ठेवून परत मोजलं, तेवढंच. शेपट्या आता कापल्या. तिरप्या उजेडात धरल्यावर क्र. १ आणि क्र. ७ ची फुलं शोधून दाखवता येतात, पण पट्टी लावूनच.

उरलेला दोरा ३४ मीटर. अ फुलं चार जादा करून, धुवून, याच लॉटच्या दोऱ्यासोबत दुरुस्तीसाठी ठेवली आहेत.